हे अक्षर माझं नाही

सोमवार, ७ ऑक्टोबर

साहेबांनी परिपत्रक काढलं. या माणसाला शिंक आली तरी आधी परिपत्रक निघतं, मग रुमाल. विषय — पाणीपुरवठा नियंत्रण कक्षातील सर्व स्क्रिप्ट एकाच शैलीत असाव्यात. जबाबदारी — अस्मादिकांची. म्हणजे मी इतकी वर्षं घसा फोडून जे सांगत होतो, ते आता साहेबांना सुचलं. अभिनंदन!

घरी सांगितलं तर ही म्हणते, "स्क्रिप्ट म्हणजे नक्की काय हो? लग्न झाल्यापासून ऐकतेय." म्हटलं, सर्व्हरसाठी लिहून ठेवलेला हुकूम. टाकीत पाणी किती ते बघ, फार चढलं तर भोंगा वाजव, पंप थांबव. लिहिलंय तेवढंच तो करतो. कमी नाही, जास्त नाही.

"सुखी आहे मेला," म्हणाली. "मला न लिहिलेलंही करावं लागतं."

जमतं हिला कधीकधी.

या निमित्ताने रोजनिशी पुन्हा सुरू. इथेही शैली एकच — वार, स्वल्पविराम, तारीख, महिना. आकडे मराठी. वर्ष लिहायचं नाही. वर्ष विसरायला मी काय म्हातारा झालोय?

बुधवार, ९ ऑक्टोबर

नियमावली झाली. एकच पान, भिंतीवर चिकटवलं. 'इफ' ज्या ओळीत, 'देन' त्याच ओळीत. आतली ओळ दोन स्पेस आत. टॅब मारणाऱ्यांनी आपला टॅब घरी न्यावा. नावं अर्थ लागेल अशी — 'एक्स', 'टेम्प', 'टेम्पदोन' अशी नावं ठेवणाऱ्यांनी आधी आपल्या मुलांची तशी ठेवून दाखवावीत. आणि सगळ्यात वर, लाल शाईने: डॉलरचं चिन्ह दिसलं की त्याला दोन्हीकडून अवतरणचिन्हं. नेहमी. कंटाळा आला तरी.

पंपचालक चहाचा पेला घेऊन वाचत उभा. "भाऊ, एवढ्या काना-मात्रेनं पाणी गोड लागतं का?"

बसवला आणि समजावलं. समज, टाकीवरचं मोजयंत्र बंद पडलं. आकडाच आला नाही. स्क्रिप्ट आधी विचारते, आकडा आला का? त्या आकड्याच्या नावाआधी डॉलर असतो; त्याला अवतरणचिन्हं असली तर उत्तर 'नाही' येतं आणि भोंगा वाजतो. नसली, तर उत्तर येतं 'हो'.

"काहीच आलं नाही, तरी हो?"

"तरी हो. आणि मग भोंगा वाजत नाही."

"म्हणजे आमचा मेव्हणा," तो म्हणाला. "समजलं का रे, म्हटलं की हो. डोक्यात काही गेलेलं नसतं. पण हो!"

नियमावलीपेक्षा हे बरं आहे. तेच भिंतीवर लावायला हवं होतं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

सर्व्हरवर लॉगिन एकच. साहेबांच्या आधीच्या साहेबांनी दिलेलं. मी त्यातूनच जातो, माझ्या हाताखालची घाईबाई त्यातूनच, पूर्वी जे कोणी होते तेही त्यातूनच. फाइलवर तारीख दिसते, नाव दिसत नाही. यावर मात्र कधी परिपत्रक निघालं नाही, कारण साहेब स्वतःही त्यातूनच जातात.

पण मला नाव लागत नाही. मी अक्षर ओळखतो. कुणी 'देन' खालच्या ओळीवर ढकललं, कुणी मागे झुकलेली जुनी अवतरणं वापरली, कुणाचा डॉलर उघडाबोडका — ही ज्याची त्याची चाल असते. जिन्यावरच्या पावलांवरून बायको ओळखू येते, तसं. एके काळी सगळे तसंच गबाळं लिहायचे. मीसुद्धा, नोकरीला लागलो तेव्हा. मग शहाणा झालो.

घाईबाई हे नाव मीच ठेवलंय. टाइप करते तेव्हा पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येतो. पस्तिशीची असेल. कंत्राटी. आई अंथरुणाला खिळलेली, घरात कमावणारी ती एकटी. डिसेंबरात तिला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार, आणि साहेब माझं मत विचारणार. हे तिला माहीत आहे. मलाही माहीत आहे हे तिला माहीत आहे. त्यामुळे दोघंही फार सभ्य वागतो.

आज म्हणाली, "सर, तुमच्या स्क्रिप्टवरून नंतर मी एकदा नजर फिरवत जाऊ का?"

"माझ्या? अगं, नियम मी लिहिलेत!"

"तसं नाही सर... दोन डोळ्यांपेक्षा चार बरे."

म्हटलं, चष्मे धरून आपले आठ होतात. हसली. पण जरा उशिरानेच.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

कालव्याच्या पंपाच्या स्क्रिप्टमध्ये गबाळं अक्षर सापडलं. 'देन' खाली. डॉलर नागडा. जुनी अवतरणं. चढलो तिच्यावर, पंपचालकासमोरच. "भिंतीवरचं पान शोभेला लावलंय का?"

तिने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "करते नीट, सर."

केलं. लगेच केलं. चूक नसती तर वाद घातला असता ना? मुकाट्याने दुरुस्त करणं हा कबुलीजबाबच.

घरी आलो तर हिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. चहा. साखर. मीठ. ठळक अक्षरात, एकाच उंचीवर. म्हटलं, हे काय नवीन? म्हणाली, "तुमचीच शिस्त. म्हटलं नियमावली घरातही लागू करावी."

संसारात पहिल्यांदा माझं कुणी ऐकलं. लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहिलं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

ताईचा फोन. थोरली बहीण, म्हणजे जन्मभर फिर्यादी आणि न्यायाधीश दोन्ही तीच. तिला परिपत्रकाची गोष्ट सांगितली. हसली नाही. मग म्हणाली, "हे तू मगाशीच सांगितलंस."

"मग तेव्हा हसायचं होतंस."

"हसले होते."

मग म्हणे, "नानांचं कसं सुरू झालं होतं, आठवतं का रे तुला?"

आठवतं म्हटलं. न आठवायला काय झालं! शेवटी शेवटी नानांनी मला विचारलं होतं, "आपण कोण?" आदरार्थी! जन्मात वडिलांनी मला तेवढा एकदाच आदर दिला.

यावरही हसली नाही. ताईचं वय झालंय.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

टेकडीच्या टाकीची नवी स्क्रिप्ट लागली. घाईबाई उद्या-परवा रजेवर, आईला दवाखान्यात ठेवायचं आहे. निघताना पर्स खांद्याला लावून दारात घुटमळली.

"सर, टेकडीची सोमवारपर्यंत थांबवू या का? मी आले की एकदा बघते."

"तू बघितल्यावर पाणी जास्त शुद्ध होणार आहे का?"

"नाही, पण..."

"आईकडे जा. टाकीला आई नाही, तिला मी आहे."

गेली. पुन्हा वळून बघितलं. हिला काय वाटतं, ही नव्हती तेव्हा शहर तहानलेलं होतं?

शनिवार २६ ऑक्टोबर

टेकडीची टाकी सकाळी भरून वाहिली. भोंगा वाजला नाही. पंप थांबला नाही. खालची दगडी भिंत पडली. टाकीचा रखवालदार भिंतीखाली होता. गेला.

सोमवार २८ ऑक्टोबर

मोजयंत्राची तार तुटली होती. आकडा येत नव्हता. स्क्रिप्टने विचारलं, आकडा आला का? उत्तर आलं, हो.

डॉलर उघडा होता.

रखवालदाराच्या घरी जाऊन आलो. घर कसलं, टाकीच्या कुंपणाला टेकलेली एक खोली. अर्ध्या भिंतीपर्यंत चिखलाची रेघ. त्याची बायको वळकटी करून बसली होती, कुठे जायचं ते न ठरवता. साहेब म्हणाले, "आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत." ती म्हणाली, "बसा." साहेबांना बसायला कोरडी जागा नव्हती.

यंत्र बसायच्या आधी हा माणूस रोज फोन करायचा. "टेकडीवरून नमस्कार! पाणी कमरेला!" दुसऱ्या दिवशी, "पाणी छातीला!" शिडीवर उभा राहून स्वतःच्या अंगाने मोजायचा. कक्षात आम्ही हसायचो. एकदा म्हणाला, "पाणी नाकाला आलंय, आता मला बोलायला लावू नका, पंप थांबवा!" मोजयंत्र लागलं तेव्हा मीच त्याला सांगितलं होतं, आता तुमच्या छातीची गरज नाही. "बरं झालं," म्हणाला. "गार लागायचं."

यावर विनोद करता येत नाही. प्रयत्न करून पाहिला.

बुधवार ३० ऑक्टोबर

चौकशी. साहेबांच्या खोलीत, मुख्य कार्यालयातून आलेल्या दोघांसमोर. त्यातल्या एकाला स्क्रिप्ट म्हणजे नाटकाची वाटत होती. दुसरा जरा जाणकार. त्याने छापील कागद पुढे सरकवला. "हे कुणी लिहिलं? तारीख चोवीसची आहे. त्या दिवशी कक्षात तुम्ही दोघं होता."

साहेब म्हणाले, "आमच्याकडे हे अक्षर ओळखतात." अभिमानाने म्हणाले. जणू मी कोर्टातला हस्ताक्षरतज्ज्ञ!

बघितलं. 'देन' खाली. जुनी अवतरणं. डॉलर उघडा. सरळ सांगितलं — हे अक्षर माझं नाही. मी असं लिहीत नाही, हे भिंतीला विचारा.

"मग यांचं?"

म्हटलं, खोलीत दोनच माणसं. एक मी.

मला स्पष्ट आठवतं, ती स्क्रिप्ट मी तिच्याकडे दिली होती. कधी दिली ते आठवत नाही, पण दिलीच असणार. मी तशी लिहिलीच नसती.

तिला विचारलं. तिने कागदाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत राहिली. एवढा वेळ की साहेबांनी खुर्ची सरकवली. मग म्हणाली, "सर म्हणतील ते."

सर म्हणतील ते! राग तरी यावा माणसाला.

बाहेर जिन्यात गाठलं मला. "सर, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"तुम्ही एकदा डॉक्टरांना दाखवा. वहिनींना सोबत घेऊन जा."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकून माहीत होत्या. आज जिन्यात भेटल्या. मी म्हटलं, एक माणूस मेलाय बाई, आणि तुला माझी तब्येत सुचतेय? डोळ्यांत पाणी आलं तिच्या. ते खरं होतं, हे मात्र मान्य. पण पाणी काय, टाकीतही खरंच होतं.

१ नोव्हेंबर

तिला काढलं. नोव्हेंबरचं अर्धं वेतन देऊन, दुसरीकडे शिफारस नाही. मुख्य कार्यालय तिच्यावर खटला भरायचं म्हणतंय, निष्काळजीपणाचा. साहेबांनी माझं मत विचारलं. 'नियमावली वारंवार समजावूनही' असं वाक्य मी घातलं. चांगलं वाक्य आहे. दोनदा वाचलं.

टेबल आवरताना तिने आपला पेला नेला, भिंतीवरचं नियमावलीचं पान सरळ केलं, एक कोपरा सुटला होता तो अंगठ्याने दाबला. म्हणाली, "काळजी घ्या, सर." पंपचालक तिची पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेला. परत आला तो माझ्याशी बोलला नाही.

सगळ्यांना वाईटपणा मीच घ्यायचा. ठीक आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

साहेबांनी दुखवट्याचं परिपत्रक काढलं, 'कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा मारून. दुखवट्यावर कार्यवाही! या माणसाला शिंक आली तरी आधी परिपत्रक, मग रुमाल — हा छान सुचला. लिहून ठेवतो, नाहीतर विसरायचो.

आज कार्यालयातून घरी येताना चुकीच्या कोपऱ्यावर वळलो. नवीन दुकानं झालीत, ओळखूच येत नाही रस्ता. एका गृहस्थाने घरापर्यंत आणून सोडलं. हिने त्याचे इतके आभार मानले की मला संकोच वाटला. अहो, रस्ता चुकलो होतो, समुद्रात बुडालो नव्हतो.

8 नोव्हेंबर

ही म्हणते डॉक्टर. ताई म्हणते डॉक्टर. घाईबाईने घरी फोन केला असणार. कारस्थान! म्हटलं, दाखवू. पुढच्या महिन्यात. कक्षात मी एकटा आहे, शहर तहानेनं मारू का?

१२ नोव्हेंबर

सापडलं!

मोठ्या जलाशयाच्या स्क्रिप्टमध्ये तेच गबाळं अक्षर. 'देन' खाली. उघडे डॉलर. तारीख कालची. ती जाऊन किती दिवस झाले! म्हणजे बाई बाहेरून शिरतेय. पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असलेलाच तर आहे. सूड! एक माणूस मेला तरी पोट भरलं नाही?

साहेबांना सांगितलं. साहेब पांढरे पडले. "पोलिसांना कळवू या?" म्हटलं, थांबा. आधी रंगेहाथ पकडू. दुरुस्त केलं सगळं. एकेका डॉलरला दोन्हीकडून कपडे घातले.

राग इतका आला की जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "तुम्ही जेवलात. आत्ताच."

18 नोव्हें. सोमवार

पासवर्ड बदलला. मी, स्वतः. साहेबांनाही नाही सांगितला. त्यांना कळलं की परिपत्रक निघायचं. कुठे लिहूनही ठेवला नाही. लहानपणी आमच्या दारात एक लंगडं कुत्रं यायचं, त्याला फक्त मीच एका नावाने हाक मारायचो. ते नाव. मेलो तरी विसरणार नाही, आणि दुसऱ्या जिवंत माणसाला ठाऊक नाही.

आता ये म्हणावं.

बुधवार २० नोव्हेंबर

पंपचालक बऱ्याच दिवसांनी बोलला. पाठ करून आल्यासारखा. "भाऊ, मी लहान तोंडी मोठा घास घेतो. बाई रोज तुमच्या मागून फिरायच्या. तुम्ही उठून गेलात की तुमच्या खुर्चीत बसून तुमचं लिहिलेलं नीट करायच्या. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

म्हटलं, तीच तर बिघडवत होती! तू बिघडवताना बघितलंस आणि तुला नीट करताना वाटलं.

"रजेवर दोनच दिवस गेल्या," तो म्हणाला. "त्या दोनच दिवसांत झालं."

मी चष्मा पुसायला घेतला.

जाता जाता म्हणतो, "आणि काल फोनवर कुणाशी बोलत होतात? डोळे पुसत होतात." काल मी कुणाशीही बोललो नाही. रखवालदार गेल्यापासून यालाही भास होतात. दोघांची चांगली दोस्ती होती.

सकाळी हीही असंच काहीतरी. "काल म्हणालात, साहेबांना महत्त्वाचं सांगायचंय. लक्षात आहे ना?"

हो, म्हटलं.

काय सांगायचं होतं, ते दिवसभर आठवत बसलो. रजेचं असेल.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर (वार हिला विचारून लिहिला)

सर्व्हर उघडला. जलाशयाची नवी स्क्रिप्ट. 'देन' खाली. मागे झुकलेली अवतरणं. डॉलर उघडे. तारीख कालची. पासवर्ड कुत्र्याचं नाव. खोलीत मी एकटा.

मग ओळखलं. ही चाल घाईबाईची नाही, कधीच नव्हती. नोकरीला लागलो तेव्हा मी असंच लिहायचो. अगदी असंच.

दुपारीच घरी आलो. ही वही मागून पुढे चाळली. स्वल्पविराम गेला, वार गेला, आकडे इंग्रजी झाले. रुमालाचा विनोद दोनदा. दोन्ही वेळा नवाकोरा.

घाईबाईला फोन लावला. म्हटलं, टेकडीचं अक्षर माझं आहे. तुझं नाही. माझं.

मागे तिची आई खोकत होती. मग हळूच म्हणाली, "सर, मंगळवारीही तुम्ही फोन करून हेच सांगितलंत. रडलात."

"मग मी साहेबांना का नाही सांगितलं?"

"उद्या सांगतो, म्हणालात."

हे लिहितोय तोवर आठवतंय. हिला हाक मारली आहे — चपला घाल, साहेबांच्या घरी जायचंय, आत्ता. वही बरोबर घे. वाटेत मी विसरलो, तर तू सांग.